सरकारी बाजू सोडली, आता आरोपीचं वकीलपत्र घेऊ का?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी ४५ वर्षांची आहे. १७ वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या दंडाधिकारी न्यायालयांत सगळी नोकरी झाली. सततच्या बदल्या आणि सासूबाईंचं आजारपण यामुळे यंदा राजीनामा दिला आणि कुडाळला घराच्या पडवीतच ऑफिस सुरू केलं. मला फौजदारी सोडून काही येत नाही, म्हणजे आता आरोपींचीच कामं घ्यायची. दोन आली आहेत. पहिलं, गोव्याची दारू भरलेला टेम्पो चालवताना हायवेवर पकडलेल्या २२ वर्षांच्या मुलाचं. त्याच्यासाठी आलेला माणूस म्हणजे टेम्पोमालकाचा मामा, आणि फीही तोच देणार. जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळ्यांशी बोलणं आहेच." दुसरं काम विनयभंगाचं. आरोपी आमच्या ओळखीतले निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना अटकपूर्व जामीन हवा आहे. माझे वडील मालवणला असतात, मुख्याध्यापक होते. ते फोनवर एवढंच म्हणाले, "आता चोरांक सोडवतलंस काय?" तेव्हापासून धड बोलत नाहीत. ठाण्यातली जुनी माणसंही तुटक वागतात. ज्या बायकांना मी साक्षीसाठी धीर दिला, तशाच एखादीची उलटतपासणी मी घ्यायची? पैशासाठी बाजू बदलली असंच ना हे?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय ते वडिलांचं वाक्य. मला मात्र मामाचं जास्त टोचलं. तुम्ही ते एका ओळीत सांगून पुढे गेलात. पण आधी वडिलांचं बघू, कारण त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती तुम्हीही धरून चालला आहात.

तुम्ही म्हणता, बाजू बदलली. आधीची तुमची बाजू कोणाची होती? तुम्ही पीडितांच्या वकील नव्हता. फिर्यादीने स्वतःचा वकील आणला तर तो तुमच्या सूचनेप्रमाणे फक्त मदत करायचा. खटला सरकारचा होता आणि तुम्हीही सरकारच्या. त्यातही सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं हे नाही. १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी अशी आस सरकारी वकिलाने धरू नये. वकिलांसाठी नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमही तोच आहे: निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि त्याचं निरपराधपण दाखवणारं काही दडवू नये. तुम्ही १७ वर्षं नीट काम केलं असेल, आणि पत्रावरून केलेलं दिसतं, तर आरोपीवर अन्याय होऊ नये ही जबाबदारी त्या खुर्चीत बसूनही तुमच्याच अंगावर होती. आता तुम्ही तीच जबाबदारी समोरच्या टेबलावरून घेणार आहात.

वडील मुख्याध्यापक होते, म्हणून त्यांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिले ते बॅरिस्टर दिनशा दावर. पुढे दावर न्यायमूर्ती झाले, आणि १९०८ साली टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावणारेही तेच. रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, म्हणून मालवणात सांगायला हरकत नाही. माणसाने टेबल बदललं याचा राग मराठी माणसाला तेव्हाही आला असणार. पण दावरांना आपण दोष देतो तो खुर्ची बदलल्याबद्दल नाही, त्या खुर्चीत बसून त्यांनी जे केलं त्याबद्दल. वडिलांशी वाद घालू नका, फक्त हे सांगून पाहा. नाही पटलं तर नाही पटलं. मी स्वतः दिवाणीतला माणूस. आमच्याकडे बांधावरून आणि वहिवाटीवरून तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या जमिनी गिळायला बघतात, आणि त्यांच्या वकिलांना कुणी चोरांचे वकील म्हणत नाही. फौजदारीच्या वाट्यालाच हे येतं.

कायद्याचं उत्तर तर फारच सोपं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) प्रमाणे अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क आहे. आरोपी दोषी आहे असं वकिलाला मनातून वाटत असलं तरी त्याचा बचाव करावा, असं बार कौन्सिलचे नियम सांगतात. 'अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये' असे बार असोसिएशनचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात बेकायदा ठरवले. हे सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. तरीही झोप लागत नाही, कारण खरा पेच कायद्यातला नाही.

आता मामाकडे येऊ. तो तुमच्याकडे का आला? कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात दारूबंदी कायद्याची कामं करणारे वकील थोडे नाहीत. तुमची उलटतपासणी त्याने कधी पाहिलेली नाही, कारण बचावाची उलटतपासणी तुम्ही अजून घेतलेलीच नाही. त्याला हवी आहे ती तुमची जुनी खुर्ची. पेशकार ओळखतो, तपासी अंमलदार चहा पाजतो, सध्याचे अभियोक्ता कालपर्यंत सहकारी होते, एवढ्याचे तो पैसे द्यायला निघाला आहे. तुम्ही गप्प राहून फी घेतलीत, तर त्याच्या हिशेबात तेवढंच विकलं गेलं. मग तुम्ही कितीही कष्टाने केस चालवा, मुलगा सुटला की गावभर सांगितलं जाईल, "मॅडमनी जमवलं." आणि नाही सुटला तर, "पैसे घेतले आणि केलं काही नाही." दोन्हीकडून तुमचं काम मात्र पुसलं गेलं.

म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत तोंडाने बोलून टाका. "माझं कोणाशीही बोलणं नाही, आणि असलं तरी ते या केससाठी नाही. कागद बघून मला जेवढं करता येईल तेवढं कोर्टात करीन." हे ऐकून काही पक्षकार उठून जातील. जाऊ द्या. आपल्याकडे जिल्हा लहान, बातमी लवकर पोचते. कोण जमवाजमव करतो आणि कोण करत नाही, हे सहा महिन्यांत सगळ्या बारला कळलेलं असतं. पाटीचंही तसंच. वकिलाच्या पाटीवर आपण पूर्वी न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतो असं लिहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. सरकारी वकिलाचा त्यात उल्लेख नाही, पण त्यामागचा हेतू तुमच्या लक्षात येईल. 'माजी सरकारी अभियोक्ता' असं पाटीवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर लिहू नका. मामासारखी माणसं त्या तीन शब्दांसाठीच येतात.

मग १७ वर्षांत जे शिकलात ते वापरायचंच नाही का? वापरायचं. पण त्याचे दोन भाग करा. पंचनामा कसा लिहिला जातो, ठराविक ठाण्याचे पंच वर्षानुवर्षं तेच कसे असतात, मुद्देमाल सील करताना काय राहून जातं, जप्तीची वेळ आणि स्टेशन डायरीतली नोंद कुठे जुळत नाही, हे तुमचं कसब आहे. ते तुम्ही कमावलंय आणि कोणत्याही आरोपीसाठी उघडपणे वापरू शकता. दुसरा भाग म्हणजे खुर्चीत असताना विश्वासाने कळलेल्या गोष्टी. खबर कोणी दिली, कोणती साक्षीदार घरच्या दबावाखाली आहे, तपासी अंमलदाराने चार्जशीटच्या आधी काय कबूल केलं, या त्या गोष्टी. त्या तुमच्या नाहीत. त्या तुमच्याबरोबर ऑफिसात यायलाच नकोत, मग पक्षकार कितीही गरीब असो नाहीतर निरपराध.

ज्या कामात पूर्वी एका पक्षासाठी सल्ला दिला किंवा काम केलं, त्याच कामात विरुद्ध पक्षासाठी उभं राहू नये, हा नियमही तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या बाबतीत तो वाटतो त्याहून लांब जातो. तुम्ही फक्त एकदा रिमांडला उभ्या राहिलात, एवढंही पुरे. चार्जशीट दाखल होण्याआधी तपासून अभिप्राय दिलात आणि मग बदली झाली, तरीही. तुम्ही शिक्षा मिळवून दिलेल्याचं अपील घेणं तर विचारातसुद्धा नको. म्हणून पहिलं काम वही घालण्याचं. ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक, खटला क्रमांक, आरोपीचं नाव आणि तुम्ही त्यात काय केलंत. कार्यालयातल्या फायलींच्या प्रती मात्र आणू नका. ई-कोर्ट्सवर केसची माहिती आणि आदेश सगळ्यांनाच बघता येतात, आणि बाकी आठवणीवर. नवीन पक्षकार बसला की केस ऐकण्याआधी ठाणं आणि गुन्हा क्रमांक विचारायचा आणि वही उघडायची. आधी ऐकून मग नाही म्हटलंत तर त्याने सांगितलेलं गुपितही तुमच्या डोक्यात राहिलं, आणि तेही आता गुपितच.

टेम्पोच्या कामात वहीपेक्षा मोठा प्रश्न आहे: पक्षकार कोण? गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यापासून पुढे हायवेवर पकडलेल्या दारूच्या किती केसेस तुम्ही चालवल्यात, आणि त्यांत मालाचा खरा धनी किती वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला? सापडतो तो चालक. आता चालकाच्या वकिलाची फी मालकाच्या घरून येतेय. फी दुसऱ्याने देणं चूक नाही, कोकणात अर्ध्या केसेसची फी मुंबईचा भाऊ नाहीतर मामा देतो. पण वकीलपत्रावर सही मुलाची आहे, आणि उद्या त्याचं हित 'माल माझा नव्हता, मला भरून दिलेला' असं सांगण्यात असेल तर ते तुम्हाला सांगावं लागेल. मग फी देणारा काय म्हणेल? मुलाला एकट्याला भेटा, मामाला पडवीत बसवून. तो जामिनावर असेल तर ऑफिसात बोलवा, कोठडीत असेल तर तिथे जाऊन बोला. त्याला समजेल अशा भाषेत सांगा की तुम्ही त्याच्या वकील आहात, मालकाच्या नाही. मालक सहआरोपी झाला तर त्याचं वकीलपत्र घेऊ नका. मामाला हे मान्य नसेल तर काम सोडा. माझ्या मते पहिलं काम म्हणून हे घेण्यासारखं आहे, पण याच अटीवर.

नव्या कामाची एक बाजू तुम्हाला जड जाणार आहे, तिची कल्पना पत्रात कुठे दिसत नाही. आजवर फाइल तयार होऊन तुमच्या टेबलावर यायची. साक्षीदाराला समन्स पोलीस बजावायचे, त्याला कोर्टात आणायचं कामही त्यांचंच. आता समोर माणूस बसेल, तो रडेल, अर्धं खोटं बोलेल, त्याची आई तुमच्या पायाला हात लावेल. चौकशीदरम्यान अटक झालेल्याला वकिलाला भेटता येतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ३८ मध्ये, तो हक्क आहे, पण सगळी चौकशी संपेपर्यंत तिथे बसता येत नाही. म्हणजे ज्या ठाण्यात तुम्हाला खुर्ची मिळायची तिथे व्हरांड्यात उभं राहून वाट बघायची. जुनी माणसं तुटक वागतात याचं दुःख मला समजतं, पण ते तसं वागणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे. ज्या अंमलदाराची तुम्ही उद्या उलटतपासणी घेणार, त्याने आज तुमच्याबरोबर चहा घेतला तर उद्या त्याचे वरिष्ठही विचारतील आणि तुमचा पक्षकारही. लग्नाकार्यात भेटलात की बोला, केसबद्दल बोलू नका.

आता बायकांच्या उलटतपासणीकडे. हा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. साक्ष देणाऱ्या बाईला फाडणारे वकील तुम्ही समोरच्या टेबलावरून बघितलेत आणि हरकतीही घेतल्यात. अश्लील, अपमानकारक किंवा केवळ छळण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायालयाने रोखावेत असं साक्षीचा कायदा सांगतो, आणि तुम्ही तेवढे न विचारणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. ती तर सुरुवात आहे. अवघड प्रश्न सभ्य असतो. फिर्याद लिहून घेणारा हवालदार स्वतःच्या भाषेत लिहितो. बाई मालवणीत जे सांगते त्यातलं अर्धं त्याच्या प्रमाण मराठीत गळतं. मग साक्षीत ती पूर्ण सांगते आणि बचावाचा वकील विचारतो, "हे तुमच्या फिर्यादीत का नाही?" सरकारी वकील असताना या प्रश्नाचा तुम्हाला राग यायचा, कारण का नाही ते तुम्हाला माहीत असायचं. आता तुम्हालाच तो विचारायचा आहे.

विचारायचा का? हो, कारण कधीकधी ते वाक्य खरोखर नंतर शिकवलेलं असतं, आणि कोणतं शिकवलेलं आणि कोणतं गळलेलं हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे. फेरतपासणीत खुलासा करायला सरकारी वकील आहेतच. एकदा विचारा, साधं विचारा, उत्तर लिहून घेतलं गेलं की पुढे जा. तिच्या चारित्र्यावर, कपड्यांवर, इतक्या उशिरा बाहेर का होतीस यावर केस उभी करायची नाही. तारीख, वेळ, अंतर, उजेड, आधीचं भांडण, वैद्यकीय कागद यांवर करायची. एवढ्यावर आरोपी सुटत नसेल तर त्याला शिक्षा व्हायला हवी होती. तसं झालं तर तुम्ही त्याचं काम नीट केलं नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

पैशाचं थोडक्यात. निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, 'सुटलो तर एवढे' हा सौदा नियमबाह्य आहे. टप्प्यांवर ठरवा: जामीन, आरोपनिश्चिती, साक्षी, युक्तिवाद. प्रत्येक वेळी पावती द्या. पगार पहिल्या तारखेला यायचा, पक्षकाराचा पैसा आंबा-काजूच्या हंगामात येतो नाहीतर गणपतीला चाकरमानी आले की. मच्छीमार असेल तर पावसाळी बंदीत त्याच्याकडे मागूच नका. निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तरच मामांना नाही म्हणायची हिंमत राहते, आणि खरं तर या पैशाचा उपयोगच तो.

दुसरा रस्ताही बघा. अनुच्छेद ३९-अ प्रमाणे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी मोफत विधी सहाय्य आहे, आणि २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेतून जिल्ह्यांत पूर्णवेळ मानधनावर बचाव वकील नेमले जातात. तिथे खासगी कामं घेता येत नाहीत. पदाप्रमाणे किती वर्षांचा फौजदारी अनुभव आणि किती सत्र खटले, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे वरच्या न्यायालयातले खटले, चालवले याच्या अटी असतात. तुमची सगळी नोकरी दंडाधिकारी न्यायालयात गेल्याने वरच्या पदाला अडचण येईल. ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. 'पैशासाठी' हा आरोप तुम्हाला खरंच इतका जिव्हारी लागत असेल तर तो तिथे उरत नाही. पण फक्त वडिलांना उत्तर द्यायला म्हणून जाऊ नका. दोन वर्षांत कंटाळाल.

सत्र न्यायालयातला अनुभव ही तुमची खरी उणीव आहे. एखाद्या ज्येष्ठ बचाव वकिलाबरोबर काही सत्र खटल्यांत दुय्यम म्हणून बसा. सतरा वर्षांनी दुसऱ्याच्या मागे बसायला अवघड वाटेल, तरी बसा. एक गोष्ट तुमच्या फायद्याची झाली आहे: १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. उच्च न्यायालयातल्या जामिनासाठी आधी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागायची, आता फोंडा घाट नाहीतर आंबोली चढून कोल्हापूर. घरी आजारी माणूस असताना हा फरक मोठा आहे.

हे पत्र वाचून आणखी कोणी अभियोक्ता राजीनाम्याच्या विचारात असतील तर त्यांनी थोडं थांबावं. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्यांची २० वर्षांची अर्हताकारी सेवा भरली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळतं. नुसता राजीनामा दिला तर मागची सेवा त्यासाठी धरली जात नाही. २००५ नंतरच्यांचं अंशदायी योजनेतलं गणित वेगळं, ते लेखा शाखेत बसून समजून घ्यावं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित ठेवली असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे ती पुन्हा चालू करून घेतल्याशिवाय एकही वकीलपत्र दाखल करू नये.

राहिलं निवृत्त शिक्षकांचं काम. ते घेऊ नका असं मी म्हणेन, पण आरोप विनयभंगाचा आहे म्हणून नव्हे. ते ओळखीतले आहेत. तुम्ही त्यांना निर्दोष मानूनच बसाल किंवा उलट, आणि दोन्हीत कागद नीट वाचले जाणार नाहीत. शिवाय अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात मागायचा, तिथे तुम्ही नवख्या आहात. विशेष कारण असेल तर काम नाकारता येतं. एकदा घेतलं की पुरेशा कारणाशिवाय आणि पुरेशा नोटिशीशिवाय सोडता येत नाही. त्यांना आजच फोन करा आणि ओरोसला नियमित काम करणाऱ्या दोन वकिलांची नावं द्या. पोलीस त्यांच्या घरी जायच्या आत अर्ज पडायला हवा, आणि तुमचा निर्णय होईपर्यंत ते थांबून राहिलेले असणार.